निर्णय एकाचा, खर्च दुसऱ्याचा : ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानचा लष्करी खर्च (१८५८–१९४७)

राष्ट्राच्या संरक्षणखर्चाचे विवेचन करताना अर्थशास्त्राचे पाठ्यग्रंथ बहुधा एका गृहीतकापासून आरंभ करतात. परचक्राचा धोका किती, याचा अंदाज घेऊन राज्यकर्ते सैन्याचे मान ठरवतात. मग शिक्षण, दळणवळण, पाटबंधारे इत्यादी गरजांशी त्याची तुलना होते आणि खर्चाचा आकडा निश्चित होतो. या मांडणीत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली असते. ती अशी की, सैन्याचे मान ठरवणारा आणि त्याचा पैसा भरणारा हे दोघेही एकाच राज्यसंस्थेचे घटक आहेत. अतिरेक झाला तर भरणारा ठरवणाऱ्याला जाब विचारू शकतो. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानात नेमकी हीच गोष्ट नव्हती. सैन्य किती व कसे असावे हे लंडन व सिमला येथे ठरे. पैसा मात्र येथील शेतसारा, मीठ, अफू व जकात यांतून उभा राही. या अवस्थेत धोक्याच्या मानापेक्षा दोन खजिन्यांमधील नात्याचा खर्चावर अधिक प्रभाव पडला. म्हणूनच लष्करी खर्चाच्या अर्थ-राजकीय अभ्यासाला या नव्वद वर्षांच्या इतिहासाइतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

१८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन कारभार राणीकडे आला. त्या वेळच्या कायद्याच्या ५५ व्या कलमात हिंदुस्थानच्या महसुलाला वरकरणी एक संरक्षण दिलेले होते. प्रत्यक्ष आक्रमणाचा प्रतिकार किंवा अकस्मात उद्भवलेली निकड हे अपवाद सोडता, सरहद्दीबाहेरील लष्करी मोहिमेसाठी हा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून वापरता येऊ नये, असे ते कलम सांगते. संमती कोणाची हवी, हे येथे पाहण्यासारखे आहे. ज्याचा पैसा त्याची नव्हे, तर ज्याची मोहीम त्याची! १८६७ साली अ‍ॅबिसिनियावर सैन्य धाडण्यात आले, तेव्हा फौजेच्या नेहमीच्या पगाराचा भार हिंदुस्थानवर व जादा खर्च ब्रिटनवर, अशी वाटणी पार्लमेंटने मंजूर केली. पगार तर मोहीम नसतानाही द्यावाच लागला असता, मग हिंदुस्थानचे अधिक काय जाते, असा त्यामागील युक्तिवाद होता. परंतु जी फौज महिनोगणती परदेशी पाठवूनही देशाचे काही अडत नाही, ती देशाच्या गरजेपेक्षा जादा आहे, हे अनुमान या युक्तिवादातूनच निघते. पुढे लॉर्ड सॉल्सबरी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी त्याच चर्चेत इशारा दिला होता की, हिंदुस्थान म्हणजे पैसे न मोजता हवे तेवढे शिपाई काढून नेण्याची पौर्वात्य समुद्रातील बराक, अशी समजूत होऊ देणे इष्ट नाही. समजूत मात्र तीच रूढ झाली. १८८२ साली ईजिप्तच्या मोहिमेतील खर्चाचा वाटाही हिंदुस्थानच्या माथी आला. दुसऱ्या अफगाण युद्धाची (१८७८–८०) कथा तर याहून बोलकी आहे. १८८० च्या अंदाजपत्रकात युद्धाचा खर्च वास्तवाहून फारच कमी दाखवला गेल्याचे उघडकीस आले आणि सर जॉन स्ट्रेची यांच्या वित्तकारकीर्दीस त्याचा डाग लागला. ग्लॅडस्टन यांच्या सरकारने ५० लक्ष पौंड देऊ केले. बाकीचा बोजा येथेच राहिला.

सैन्याच्या संख्येइतकेच महत्त्व त्याच्या रचनेला आहे, आणि येथे राजकारणाने अर्थकारणावर उघडच मात केली. १८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या पील आयोगाने १८५९ साली हिंदुस्थानात सुमारे ८०,००० गोरे शिपाई ठेवावेत, आणि बंगालच्या फौजेत दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मद्रास व मुंबईच्या फौजांत तिघांमागे एक, असे प्रमाण असावे, असे सुचवले. डोंगरी तोफखान्याच्या काही तुकड्या वगळता तोफखाना गोऱ्यांच्याच हाती राहिला. आता गोऱ्या शिपायाचा खर्च देशी शिपायाच्या कित्येक पट होता. त्याचा पगार, प्रवास, बराकी, इस्पितळे, निवृत्तिवेतन ही सर्वच प्रकरणे महाग. उत्पादनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, स्वस्त घटक मुबलक उपलब्ध असताना महाग घटकाचे एक किमान प्रमाण कायमचे बांधून टाकण्यात आले. परचक्राच्या भयाने या प्रमाणाचा उलगडा होत नाही. त्यामागे होता तो रयतेविषयीचा अविश्वास. त्या अविश्वासाची किंमत मात्र ज्यांच्यावर तो होता, त्यांच्याकडूनच वसूल होत होती.

महाग घटक पुरवणाराही एकच होता, तो म्हणजे लंडनचे युद्धखाते. १८६१ साली कंपनीच्या युरोपीय फौजा राणीच्या फौजेत विलीन झाल्यावर, हिंदुस्थानात येणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या भरतीचा व शिक्षणाचा खर्च हिंदुस्थान सरकारकडून दरडोई घेण्यात येऊ लागला. हा दर आरंभी १० पौंड होता; बऱ्याच वादानंतर १८९० च्या सुमारास तो ७ पौंड १० शिलिंगांवर आला आणि १९०८ साली ११ पौंड ८ शिलिंगांवर चढला. दरापेक्षाही फेरभरतीचा वेग अधिक जाचक ठरला. कार्डवेल यांच्या सुधारणांनुसार १८७० साली ब्रिटनने अल्पमुदतीची सेवा सुरू केली : काही वर्षे प्रत्यक्ष फौजेत, पुढे राखीव दलात. युरोपातील युद्धाच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची होती, कारण तिच्यामुळे मायदेशी शिकवून तयार झालेल्या माणसांचे राखीव दल उभे राहिले. पण मुदत आखूड झाल्याने हिंदुस्थानात शिपाई वारंवार बदलू लागले. दर बदलीमागे शिक्षणाचा आकार आणि सहा हजार मैलांचे जहाजभाडे नव्याने मोजावे लागे. राखीव दल जमा झाले ब्रिटनच्या पदरी, आणि ते जमवण्याच्या खर्चाचा मोठा अंश पडला हिंदुस्थानच्या हिशेबी. या व्यवस्थेत कोणी लबाडी केली असे नव्हे. युद्धखात्याने आपल्या करदात्याच्या हिताचा विचार केला, आणि समोरच्या पक्षाच्या करदात्याला पार्लमेंटात मत नव्हते, इतकेच.

१८८५ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. मार्च महिन्यात पंजदेह येथे रशियन व अफगाण फौजांची चकमक उडाली आणि ब्रिटन व रशिया यांच्यात युद्ध जुंपते की काय, असे भय निर्माण झाले. या निमित्ताने हिंदुस्थानच्या सैन्यात गोरे व देशी मिळून सुमारे ३०,००० शिपायांची वाढ ठरली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात अर्थसचिव सर ऑकलंड कॉल्व्हिन व विधिसचिव सर कोर्टनी इल्बर्ट यांनी तिला विरोध नोंदवला. भय ओसरले, वाढ मात्र कायम राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाने ही वाढ अनावश्यक व अवाजवी असल्याचा ठराव केला. त्यापुढचा ठराव अधिक विचार करण्याजोगा आहे : खर्च टळणारच नसेल, तर तो जकातीचे पुनरुज्जीवन व परवानाकराची व्याप्ती वाढवून भागवावा. जकात म्हणजे लँकेशायरच्या मालावरील बोजा, आणि परवानाकर म्हणजे सुखवस्तू वर्गावरील. म्हणजे खर्चाच्या वादाबरोबर त्याचा भार कोणी वाहावयाचा, हा वादही त्याच सभागृहात उपस्थित झाला होता. सरकारने १८८६ साली प्राप्तीवरील कर बसवला, हे खरे. परंतु जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील करही मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. जकातीला हात लागला तो १८९४ साली, आणि तेव्हाही लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या सुतावर अबकारी कर लादूनच.

याच दशकात विनिमयाच्या दराने लष्करी खर्चाला एक अदृश्य जोड दिली. रुपया चांदीचा, लंडनमधील देणी सोन्याची. १८७० च्या सुमारास रुपयाला दोन शिलिंगांच्या जवळपास भाव होता. १८९४-९५ साली तो सुमारे १३ पेन्सांवर घसरला. पूर्वी १०-११ रुपयांत मिळणाऱ्या पौंडासाठी आता १८ रुपयांहून अधिक मोजावे लागत. युद्धखात्याचे आकार, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्करी सामानाची खरेदी ही सारी 'होम चार्जेस'मध्ये मोडत. त्यामुळे एकही शिपाई न वाढवता सैन्य दरसाल महाग होत गेले. लष्करी खर्चाचे रुपयांतील आकडे तेवढे पाहून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर त्याची फसगत होण्याचा संभव आहे. १८९३ साली टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद झाल्या आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला, तेव्हा याची उलट बाजू दिसली. खजिन्यात शिलकी पडू लागल्या, आणि त्याही १८९६-९७ व १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांच्या आगेमागे. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्याच भाषणात गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोट ठेवले ते याच विसंगतीवर. महागड्या पौंडाच्या हिशेबाने बसवलेले कर पौंड स्वस्त झाल्यावरही चालूच राहिले होते. शिलकी हे समृद्धीचे गमक नसून गरजेबाहेर कर घेतला जात असल्याचे गमक होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई. मत देता येत नसे. तरीही मिठावरील कर १९०३, १९०५ व १९०७ असा तीनदा उतरून मणास एक रुपयावर आला. आकडेवारीच्या बळावर चालवलेल्या वादालाही काही वजन असते, ते असे.

या वादाची पूर्वपीठिका वेल्बी आयोगापुढे तयार झाली होती. १८९५ साली नेमलेल्या या आयोगाकडे दोन प्रश्न सोपवले होते : हिंदुस्थानच्या लष्करी व मुलकी खर्चाची व्यवस्था, आणि उभय देशांच्या समाईक हिताच्या खर्चाची वाटणी. दादाभाई नौरोजी स्वतः आयोगाचे सभासद होते. १८९७ साली गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्या साक्षी झाल्या. गोखल्यांच्या वयाला तेव्हा जेमतेम एकतीस वर्षे होत होती. परंतु पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात न्या. रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांनी वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासाची शिदोरी त्यांच्यापाशी होती. खर्च वाढतो तो येथील जनतेचे हित अन्य हितांपुढे गौण मानले जाते म्हणून, आणि त्याला आळा बसत नाही तो जनतेच्या प्रतिनिधींना अंदाजपत्रकावर अधिकार नाही म्हणून, अशी त्यांची मांडणी होती. अर्थात लष्करी खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लष्करी शास्त्रात शोधले नाही. ते राज्यघटनेत शोधले. आयोगाचा अंतिम अहवाल १९०० साली आला. त्याने सुचवलेला वार्षिक दिलासा तीन लक्ष पौंडांनाही पोचला नाही; दादाभाई, वेडरबर्न व केन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

पैसा सर्व प्रांतांचा असला, तरी तो परत फिरत होता मोजक्या प्रदेशांत. 'लढवय्या जाती'च्या सिद्धांतानुसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीचे केंद्र उत्तरेकडे सरकले, आणि १९१४ च्या सुमारास निम्म्याच्या आसपास देशी शिपाई एकट्या पंजाबचे होते. तेथील कालव्यांखालच्या नव्या वसाहतींत माजी शिपायांना जमिनी मिळत. त्याच काळात मुंबईच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या नोकरी केलेल्या महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास तयार केलेला अर्ज हा या निर्णयाविरुद्धचा आर्त दस्तऐवज आहे. पगार, शाळा, निवृत्तिवेतन आणि गावगाड्याबाहेरची प्रतिष्ठा देणारा एकमेव दरवाजा बंद झाल्याचे दुःख त्यात आहे. लष्करी खर्चाला 'अनुत्पादक' म्हणून एका शब्दात निकालात काढणाऱ्या त्या काळच्या राष्ट्रीय अर्थशास्त्राला ही बाजू फारशी दिसली नाही, असे म्हणावे लागते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण पुन्हा उभी राहिली. १९२१ साली ती मोडली गेली. गरज सरताच दरवाजा पुन्हा लागला.

खर्च आवरणे म्हणजे नेहमीच शहाणपण, असेही मानता येत नाही. १९०५ साली कर्झन व किचनर यांच्यातील झगड्यात लष्करी सभासदाचे पद निष्प्रभ होऊन, सेनापतीच्या मागण्यांची जाणकार छाननी करणारी दुसरी यंत्रणाच उरली नाही. अशा वेळी अर्थखात्यापुढे सरसकट हात आखडण्याचाच उपाय राहतो. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत त्याची फळे दिसली. ध्येय साम्राज्याचे, फौज हिंदुस्थानची, आणि तयारी काटकसरीच्या काळातील. नौका, औषधे व इस्पितळे यांच्या अभावी जखमींचे अपरिमित हाल झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथील सैन्याने शरणागती पत्करली. १९१७ च्या चौकशी अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची देणगी दिली. ही रक्कम सरकारच्या जवळजवळ वर्षभराच्या महसुलाइतकी होती. ती उभारण्यासाठी कर हवे होते, आणि येथे एक चमत्कारिक योग जुळून आला. आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर गेली. देशी कापडावरील अबकारी कर मात्र साडेतीनच राहिला. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी वीस वर्षे मागूनही न मिळालेले संरक्षण युद्धाच्या देणगीने सहज पदरात पडले. लँकेशायरने गिल्ला केला; परंतु देणगी हवी असलेल्या मंत्रिमंडळाला त्याची बाजू घेता येईना.

१९१९ च्या सुधारणांनी केंद्रात लोकनियुक्त बहुमताचे विधिमंडळ आणले. मात्र लष्करी खर्च मताधिकाराबाहेर ठेवला. मार्च १९२१ मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने, सैन्याचे प्रयोजन हिंदुस्थानचे संरक्षण व अंतर्गत शांतता इतकेच असावे, असे ठराव झाले. त्यांना बंधनकारक बळ नव्हते. तरीही १९२०-२१ साली सुमारे ८७ कोटी रुपयांवर गेलेला खर्च तसाच चालणे अशक्य झाले. इंचकेप समितीने तो ५७ कोटींच्या आसपास आणावा व पुढे ५० कोटींपर्यंत उतरवावा, असे १९२३ साली सुचवले. आणि त्याच साली अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करण्यासाठी लॉर्ड रीडिंग यांनी विधिमंडळाचा नकार डावलून मिठावरील कर मणास सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला! पुढल्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. मत देण्याचा अधिकार नसलेले सभागृहही नकाराची राजकीय किंमत वाढवू शकते, हे यातून दिसते. १९३३ साली गॅरन न्यायाधिकरणाच्या शिफारशींनंतर ब्रिटनने हिंदुस्थानातील सैन्यासाठी दरसाल १५ लक्ष पौंड देण्याचे मान्य केले. दादाभाईंच्या पिढीने मांडलेले तत्त्व तत्त्व म्हणून कबूल व्हायला चार दशके लागली. एवढे होऊनही १९३८-३९ साली निव्वळ संरक्षणखर्च सुमारे ४६ कोटी रुपये, म्हणजे केंद्राच्या महसुलाच्या निम्म्याहून अधिक होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, जो करार झाला तो कागदावर हिंदुस्थानला सर्वांत अनुकूल होता. शांतताकालीन सैन्याचा ठरीव वार्षिक खर्च, म्हणजे ३६.७७ कोटी रुपये, त्यावरील भाववाढ, केवळ हिंदुस्थानच्या हिताच्या उपाययोजना आणि सरहद्दीबाहेरील फौजांबद्दल एक कोटीची ठोक रक्कम, एवढे हिंदुस्थानने सोसावयाचे. बाकी सर्व ब्रिटनने. युद्ध संपेपर्यंत येथे झालेला एकूण संरक्षणखर्च ३,४८० कोटींच्या घरात गेला आणि त्यातील सुमारे निम्मा ब्रिटनच्या नावे पडला. परंतु तो फेडला कसा गेला? ब्रिटनसाठी धान्य, कापड, तंबू, बूट, सिमेंट यांची खरेदी येथे रुपयांत होई. त्याचा मोबदला लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या खाती जमा होई. आणि १९३४ च्या कायद्यानुसार पौंडांतील रोखे नोटांचे तारण म्हणून चालत असल्यामुळे तेवढ्या नोटा येथे छापता येत. ते पौंड युद्धकाळी मुक्तपणे खर्चता येत नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींचे असलेले नोटांचे चलन युद्धाअखेर १,२०० कोटींच्या आसपास गेले. माल आज गेला, मोबदला पुढच्या तारखेचा मिळाला, आणि दरम्यानची तूट भाववाढीने भरून काढली. ज्यांची मिळकत भावांबरोबर वाढली नाही, ते भूमिहीन मजूर, कोळी, गावोगावचे कारागीर हेच या वेळचे करदाते ठरले. त्यांच्यावर कोणत्याही सभागृहाने कर बसवला नव्हता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाला ब्रह्मदेशच्या तांदळाचा तुटवडा, १९४२ चे चक्रीवादळ, शासनाची दिरंगाई अशी अनेक कारणे होती. युद्धखर्चाने कलकत्त्यात निर्माण केलेली क्रयशक्ती व खेड्यातील मजुराची आटलेली क्रयशक्ती यांतील दरी हे त्यांतले एक प्रमुख कारण होते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली साधार दाखवले. चौकशी आयोगाने मृतांची संख्या १५ लक्ष धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लक्षांपर्यंत जातात.

युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानचे पौंडांतील सार्वजनिक कर्ज बहुतांशी फिटलेले होते, आणि शिवाय लंडनमध्ये सुमारे १३० कोटी पौंडांची पौंड-शिल्लक साठली होती. लंडनमध्ये चर्चिल यांच्यासह अनेकांना ही शिल्लक पुरी देणे मान्य नव्हते. हिंदुस्थानचे रक्षण ब्रिटनने केले, तेव्हा उलट दावा मांडावा, असा त्यांचा आग्रह होता. रक्कम बुडाली नाही, पण ती टप्प्याटप्प्याने खुली होणार होती, आणि तोवर पौंडाची खरेदीशक्ती घटत चालली होती. जुलै १९४८ च्या कराराने तिच्या विनियोगाचे काही भाग ठरले. त्यांपैकी १० कोटी पौंड ब्रिटनने येथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानाच्या व बांधकामांच्या किमतीपोटी वळते झाले, आणि १६ कोटी पौंडांहून अधिक रक्कम निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनांची तजवीज करण्याकडे गेली.